मूठभर माणसं आणि गावाचा कागद

बेणणी संपली, भात पोटरीला आलंय, गणपती-गौरी आपापल्या घरी गेल्या. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा, नाहीतर शेंगा सोलत ऐका. आज जरा लांबची गोष्ट सांगायची आहे. इतिहासाची आहे, पण राजांच्या लढायांची नाही. सारा, यादी, सही आणि अंगठा यांची आहे, म्हणजे आपल्या रोजच्याच कामाची.

तिची सुरुवात झाली आमच्या ग्रामसंघाच्या सहलीत. मागच्या थंडीत आम्ही कर्जत-खालापूरच्या पन्नासेक जणी रेवदंड्याला गेलो होतो. भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. आधी रेवदंड्याचा कोट पाहिला, मग खाडी ओलांडून कोर्लईचा किल्ला चढलो. आपल्याच रायगड जिल्ह्यातला हा किनारा, पण तिथे दोनशे वर्षांहून जास्त काळ पोर्तुगीजांचं राज्य होतं. १५२१ मध्ये त्यांनी चौलला किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं घरात अजून एक वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली. तिला ती माणसं ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा.

तर किल्ल्यावर दम खात बसलो असताना आमच्यातल्या एकीने विचारलं, “ताई, ही माणसं जहाजातून आली ना? मग असून असून किती असतील? इतक्या गावांनी ऐकलं कसं त्यांचं?”

आम्ही म्हटलं, “त्यांच्याकडे तोफा होत्या, बंदुका होत्या.”

ती म्हणाली, “बंदूक काय रोज शेतावर उभी राहते होय? लढाई एक दिवस. सारा दरवर्षी भरायचा.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. बी.ए.ला इतिहास होता खरा, पण तेव्हा सनावळ्या पाठ केल्या आणि पेपर दिला, संपलं. घरी आल्यावर पुस्तकं मागवून वाचायला घेतलं. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

त्या काळी युरोपातून दोन राज्यं समुद्रावर निघाली होती, पोर्तुगाल आणि स्पेन. १४९४ मध्ये त्यांनी आपसात करार करून जगाची वाटणीच करून टाकली. समुद्राच्या मधून एक रेघ मारली, पलीकडचं तुझं आणि अलीकडचं माझं. ज्यांची जमीन वाटली जात होती त्यांना कुणी विचारलं नाही. आपल्या बाजूला पोर्तुगीज आले, दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात स्पेनची माणसं गेली. आधी आपल्या बाजूचं पाहू, म्हणजे गोव्याचं.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराने आदिलशाहीकडून गोवा शहर कायमचं घेतलं. हापूस आंब्याचं नाव ज्याच्यावरून पडलं म्हणतात तोच हा अफोंसो. शहरातल्या मुसलमान वस्तीची त्याने कत्तल केली. आसपासच्या खेड्यांना मात्र हात लावला नाही. उलट सांगितलं, तुमच्या जमिनी तुमच्याकडेच राहतील, आदिलशाहीत भरत होता त्यापेक्षा सारा कमी घेऊ. वसुलीच्या कामावर त्याने होनावरच्या तिमोजाला बसवलं. तिमोजा इथलाच, आणि गोवा घेताना त्याचीच मदत झाली होती. म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून वसुलीला इथलाच माणूस. परक्या शिपायाला कुठलं शेत खाजण आणि कुठलं भरड ते काय कळणार?

खरा कारभार लागला सोळा वर्षांनी. १६ सप्टेंबर १५२६ रोजी अफोंसो मेशिया या पोर्तुगीज खजिन्याच्या मुख्य अधिकाऱ्याने एक दस्तऐवज काढला. त्याला ‘फोरल’ म्हणतात. एकूण ४९ कलमं. तिसवाडी आणि आसपासच्या बेटांवरच्या गावांत आजवर काय रीत चालत आली, जमीन कशी वाटतात, सारा कसा भरतात, मान कुणाचा, वारसा कुणाचा, हे सगळं गावातल्या लोकांना विचारून त्यात लिहून काढलं. त्या कागदात गावाच्या जन्माची कथाही आहे. फार पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन कसली, ती पिकती केली, वस्ती वाढवली. त्या कष्टामुळे त्यांना गावकार म्हणू लागले. गावकार म्हणजे गाव वसवणारे, गावाचा कारभार पाहणारे.

आता हा कारभार कसा चाले ते नीट ऐका, कारण तो आपल्या गटासारखाच आहे. गावाची भातशेती अमुक एका माणसाची नव्हती, सगळ्या गावकारांची मिळून होती. ती दरसाल लिलावाने कसायला द्यायची. आलेल्या पैशातून आधी राजाचा ठरलेला सारा, मग बांध, उघाडी, देवस्थान, गावचा लिहिणारा, न्हावी, कुंभार यांचं. उरलं ते गावकारांनी वाटून घ्यायचं. आणि कमी पडलं तर? तेही गावकारांनीच वाटून घ्यायचं, म्हणजे खिशातून भरायचं. पाऊस पडो न पडो, बांध फुटून खारं पाणी शिरो, राजाचा आकडा ठरलेला. तो एका शेतकऱ्याकडून नाही, तर अख्ख्या गावाकडून घ्यायचा. आपल्या गटात दहा जणींतल्या एकीचा हप्ता थकला की बँक तिच्या दारात जात नाही, अध्यक्षा आणि सचिवाला फोन करते. बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात जातात. अगदी तसंच. बँकेचा शिपाई लागत नाही.

किल्ल्यावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मूठभर माणसांना प्रत्येक शेतावर उभं राहायची गरजच नव्हती. गावात आधीपासून जी घडी होती ती त्यांनी मोडली नाही, फक्त कागदावर घेतली. गावकारांना म्हणाले, तुमचा मान तुम्हाला, आमचा सारा आम्हाला.

मानाचंही त्या कागदात बारीक लिहिलं आहे. विडा आधी कुणाला, वस्त्राचा मान आधी कुणाला, सगळं क्रमाने. ताळगावचा मान असा की सगळ्या बेटावर भाताची पहिली कापणी त्या गावाने करायची, मग इतरांनी विळा लावायचा. पहिली पेंढी पूर्वी देवळात जात असणार, १५२६ च्या कागदात ती मोठ्या चर्चच्या वेदीवर नेलेली दिसते. ताळगावात आजही दर २१ ऑगस्टला कणसाचा सण होतो. आपल्याकडे नव्या भाताचं तोरण दाराला बांधतात, त्याच जातीतला तो. म्हणजे सोळाच वर्षांत देव बदलला, पेंढी तीच राहिली. हे वाचून आम्हाला गंमतही वाटली आणि जरा पोटात खड्डाही पडला.

आता उरलेलं अर्धं उत्तर. गावाला विचारून लिहिलं असं आपण म्हणतो, पण विचारलं कुणाला? गावकारांना. म्हणजे मूळ घराण्यांतल्या पुरुषांना. जो प्रत्यक्ष लिलावात शेत घेऊन कसत होता त्या कुळाला नाही. बांधावर माती टाकणाऱ्या गड्याला नाही. आणि लावणीला चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाईला तर नाहीच. त्यामुळे कागदावर जे उतरलं ते बसलेल्यांना जसं दिसत होतं तसं. वारसा पुरुषाकडून पुरुषाकडे. गावकारी बापाकडून मुलग्याकडे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पोर्तुगीज येण्याआधी बायकांना सगळं मिळत होतं आणि यांनी येऊन हिरावलं, असं आम्हाला म्हणायचं नाही. तसं नव्हतंच. पण तोंडी रीत जरा वाकते. एखाद्या गावात एखाद्या विधवेला दिराने जमीन कसू दिली, सासऱ्याने मुलीला चार झाडं लावून दिली, असं घडू शकतं. एकदा राजाच्या शिक्क्याने लिहिलं की मग ती रीत वाकत नाही. पुढच्या प्रत्येक भांडणात तोच कागद उघडला जातो.

त्या राज्याचं बायकांशी वागणं एकसारखं नव्हतं, हेही खरं. अल्बुकर्कने गोव्यात सती जाण्याला बंदी घातली, आपल्या इंग्रजांच्या कायद्याच्या तीनशे वर्षं आधी. पण त्याच अल्बुकर्कने आपल्या शिपायांची लग्नं इथल्या बायकांशी लावून दिली, त्यांतल्या कितीतरी जणी लढाईत पकडलेल्या. त्या शिपायांना घरदार आणि जमीन देऊन इथेच वसवलं. मूठभर माणसं वाढवायचा तोही एक मार्ग होता. त्या बायकांना कुणी विचारलं असेल का, हे आम्हाला सांगण्याची गरज नाही.

पुढे राज्य घट्ट झालं तशी भाषा बदलली. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली. १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं, आणि त्या कागदावर गावकारांकडूनच मान्यता घेतली. १५४३ मध्ये बार्देस आणि सासष्टी हे मोठे प्रांत राज्याला जोडले गेले. १५६० मध्ये गोव्यात धर्माची चौकशी करणारं न्यायालय बसलं. त्याच्या एक वर्ष आधी, १५५९ मध्ये, लिस्बनहून वारशाचं फर्मान आलं. ज्या बायका आणि मुली ख्रिस्ती होतील त्यांना मालमत्तेत वारसा मिळेल असं त्यात होतं. तेव्हा पोर्तुगालचा राजा लहान होता आणि त्याची आजी, राणी कातारिना, कारभार पाहत होती. म्हणजे बाईच्या नावाने निघालेलं फर्मान. बाईला वारसा मिळाला, पण धर्म बदलायच्या अटीवर. जिने अट मान्य केली नाही तिचं पहिलंच चालू. त्याच सुमारास बाप गेलेल्या हिंदू मुलांना अनाथ ठरवून धर्मगुरूंच्या ताब्यात देण्याचे हुकूम निघाले, आणि पुढे पुढे आई जिवंत असली तरी मूल अनाथच धरलं जाऊ लागलं. आई धडधाकट घरात आहे आणि कागद म्हणतो मूल अनाथ. यावर वेगळं काही बोलायला नको.

ही कातारिना राणी कोण, तर स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याची सख्खी बहीण. आणि तिचा हा भाऊ कोण, तर ज्याच्या नावाने दक्षिण अमेरिकेतला पेरू देश जिंकला गेला तो. आता तिकडे जाऊ.

पेरू लांबचा, पण आपल्या चुलीशी त्याचं नातं आहे. बटाटा हा तिथल्या डोंगरांतला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, काजू शेजारच्या ब्राझीलचा, मिरचीही त्याच अमेरिका खंडाची. किल्ल्यावर आम्ही ठेचा खाल्ला तो या सगळ्या जहाजांच्या येण्याजाण्यातूनच आपल्याकडे पोचला. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्दही पोर्तुगीजांचेच.

पेरूत इंका नावाच्या राजांचं मोठं राज्य होतं. नोव्हेंबर १५३२ मध्ये फ्रान्सिस्को पिझारो हा स्पेनचा माणूस पावणेदोनशेसुद्धा नसतील एवढ्या शिपायांनिशी काहामार्का गावी आला आणि इंका राजा आतावाल्पा याला भेटीला बोलावून त्याने कैद केलं. सुटकेसाठी खोलीभर सोनंचांदी घेतली आणि पुढच्या वर्षी त्याला मारून टाकलं. स्पेनच्या लोकांची एक रीत अशी की हल्ला करायच्या आधी एक जाहीरनामा वाचायचा. आमच्या राजाला आणि धर्माला माना, नाहीतर जे होईल त्याला तुम्हीच जबाबदार. हा जाहीरनामा १५१३ मध्ये तयार केलेला, आणि ज्यांना ती भाषा ओ की ठो कळत नाही अशा लोकांपुढे वाचला जायचा. कधी रिकाम्या गावापुढेसुद्धा. न समजणाऱ्या कागदावर “वाचून दाखवलं, मान्य आहे” असा शेरा आपण कितीदा पाहिला आहे ते आठवा.

जिंकल्यावर स्पेनच्या सरदारांना तिथे जमिनीपेक्षा माणसं वाटून दिली. अमुक गावची इतकी माणसं तुझ्या हवाली, त्यांच्याकडून धान्य, कापड, काम घे, आणि बदल्यात त्यांना आमचा धर्म शिकव. हा प्रकार इतका माजला की स्पेनच्या राजालाच भीती वाटली, आपले सरदार तिकडे आपल्याहून मोठे होतील. लास कासास नावाच्या एका धर्मगुरूनेही त्या जुलमाविरुद्ध राजाकडे बरीच वर्षं धोशा लावला होता. १५४२ मध्ये राजाने कायदे करून सरदारांचे हात बांधायला घेतले. ते कायदे घेऊन गेलेल्या राजाच्या प्रतिनिधीला तिथल्याच स्पॅनिश सरदारांनी १५४६ मध्ये लढाईत ठार केलं. कायदा करणारा लांब बसलेला आणि ज्यांच्यावर कायदा लावायचा तेच तलवार घेऊन समोर. अशा कायद्याचं जे व्हायचं ते झालं.

त्या राज्याची खरी घडी बसवली फ्रान्सिस्को द तोलेदो या राजप्रतिनिधीने. १५६९ ते १५८१ अशी बारा वर्षं तो पेरूत होता. त्याने काय केलं, तर यादी. स्वतः घोड्यावरून, खेचरावरून प्रांतोप्रांती हिंडला, माणसं मोजली, कोण किती वयाचा, कुणाकडून काय घ्यायचं ते लिहिलं. डोंगरांत विखुरलेल्या वाड्या उठवून दहा लाखांहून जास्त लोकांना आखीव रस्त्यांच्या नव्या गावांत आणून बसवलं. वाडी उठवणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या धरणाखालच्या बायकांना विचारा. एवढी माणसं सरकारी सोयीसाठी उठवली, मोजायला आणि वसुलीला सोपं जावं म्हणून.

सारा होता अठरा ते पन्नास वयाच्या पुरुषांवर. आणि त्याच्या वर ‘मिता’. मिता म्हणजे पाळी. इंका राजांच्या वेळीही गावातली माणसं पाळीपाळीने राजाच्या कामाला जायची, रस्ते बांधायची, शेतं कसायची, तेव्हा त्यांना राजाच्या कोठारातून जेवण मिळायचं. तोलेदोने नाव तेच ठेवलं आणि माणसं पाठवली पोटोसीच्या चांदीच्या खाणीत. पोटोसी चार हजार मीटर उंचावर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. सोळा प्रांतांतून दरसाल साताला एक पुरुष, म्हणजे तेरा हजारांच्या वर माणसं, आळीपाळीने खाणीत. ही माणसं गोळा कोण करायचं? स्पेनचा शिपाई नव्हे, तर गावचा मुखिया. त्याला ‘कुराका’ म्हणत. माणसं कमी पडली तर भरपाई कुराकाने पैशात करायची. गोव्याचा गावकार आणि पेरूचा कुराका एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांच्या गळ्यात एकच दोरी होती.

आता बाईचं. यादीत पुरुष होता. पण पाळीवर निघालेला माणूस एकटा जात नसे. बायको, पोरं, लामा नावाच्या जनावरांवर लादलेलं धान्य, असं अख्खं घर आठवडेच्या आठवडे चालत पोटोसीला जायचं. तो खाणीत, ती वर चूल मांडून, बाजारात काही विकून घर चालवणारी. गावात राहिलेल्या बायका सारा म्हणून द्यायचं कापड विणायच्या. यादीत त्या कुठेच नाहीत, आणि त्यांच्याशिवाय यादीतला एकही आकडा पुरा होत नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या कातकरी बहिणींना हे समजवायला नको. उचल नवऱ्याच्या नावावर, वहीत नाव नवऱ्याचं, आणि पहाटे तीनला उठून चिखल तुडवायला, विटा पाडायला नवरा-बायको दोघं, शिवाय पोरं.

तिथल्याच एका माणसाने हे सगळं लिहून ठेवलं. ग्वामान पोमा त्याचं नाव. १६१५ च्या सुमारास त्याने स्पेनच्या राजाला हजारावर पानांचं पत्र लिहिलं, त्यात चारशेच्या आसपास चित्रं काढली. एका चित्रात धर्मगुरू एका बाईला दमदाटी करून विणायला लावतो आहे. राजाने ते पत्र वाचलं असं काही दिसत नाही. १९०८ मध्ये ते डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात ग्रंथालयात सापडलं. अर्ज लिहिल्यापासून तीनशे वर्षांनी. आपले अर्ज तीन-तीन वर्षं पडून राहतात तेव्हा आम्हाला आता हा माणूस आठवतो.

पेरू आणि गोवा काही वर्षं तर एकाच राजाखाली होते. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी मोकळी पडली आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने ती घेतली. १६४० पर्यंत दोन्ही राज्यांना राजा एक. त्याच काळात, १५८३ मध्ये, सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावाने मान हलवली. देवळं पाडली जात होती, वर सारा. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा या गावांनी सारा भरायचंच बंद केलं. म्हणजे तीच घडी उलटी फिरवली. सगळ्यांनी मिळून भरायचं असतं, तर सगळ्यांनी मिळून न भरताही येतं. जुलैमध्ये तिथे चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच धर्मगुरूंना आणि त्यांच्या सोबतच्या काहींना गावकऱ्यांनी मारलं. ते रक्त सांडलं नसतं तर बरं, असं आम्हाला वाटतं. पण नंतर जे झालं ते त्याहून थंड डोक्याने झालं. बोलणी करू म्हणून गावच्या सोळा मुख्य गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. एकच निसटला असं सांगतात. मग ती गावं गावकारांकडून काढून एका पोर्तुगीज मानकऱ्याला देऊन टाकली. कागदाने दिलेला मान कागदानेच काढून घेतला.

आता आपल्या अंगणात येऊ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि आपले डोंगर इंग्रजांकडे गेले. त्यांनीही तेच केलं. जिंकलेल्या मुलखात एल्फिन्स्टनने पाटील-कुलकर्णी जागेवर ठेवले, विचारपूस केली आणि लिहून काढलं. पुढे डोंगरउतारावरची जमीन ठाकूर-कातकऱ्यांना नाचणी-वरीसाठी दिली, ती दळी. अनेक कुटुंबं मिळून कसायची, पण कागद त्यांच्यातल्या एका नाईकाच्या नावाने. आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत त्या एका नावावरून केवढे गोंधळ होतात ते दळीवाल्या वाड्यांना ठाऊक आहे.

कायदे आता बदललेत, हे विसरू नका. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असं स्पष्ट आहे, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावाने. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. तरीही आमच्या एका वाडीवर पाहणीला आलेल्या माणसाने “घरातला कर्ता कोण?” एवढंच विचारलं आणि जे नाव आलं ते लिहिलं. एका विधवेच्या घरात तिच्या दोन मुलांची नावं लागली, तिचं नाही. तीस वर्षं ती वरकस तिनेच कसली. तिचा अर्ज पुन्हा केला आहे, अजून निकाल नाही.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबलो तर खोटं होईल. ग्रामसंघाची शेळीपालनाची यादी आम्ही मागच्या जानेवारीत केली. बैठक बोलावली, दवंडी दिली, इतिवृत्तात “सर्वानुमते” असं लिहिलं, सह्या झाल्या. त्या दिवशी कातकरवाडीवरच्या सतरा घरांना कुलूप होतं. सगळी भट्टीवर. सर्वानुमते म्हणजे हजर होत्या त्यांच्या मते. फोरलबद्दल वाचताना ते पान आम्हाला आठवलं आणि वहीचं ते पान काढून पाहिलं. अक्षर आमचंच होतं.

म्हणून या वर्षी बैठक जानेवारीत नाही. दसऱ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, भट्टीच्या गाड्या वाडीवर यायच्या आधी, वाडीवरच्या समाजमंदिरात. नवीन यादी तिथे होईल आणि जुन्या यादीवरही बोलता येईल. वनहक्काचे दावे ज्यांचे पडून आहेत त्यांनी दाव्याची पोच, आधार कार्ड आणि रेशनकार्ड सोबत आणावं. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण अंगठ्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्यायचा. कोर्लईच्या किल्ल्यावर प्रश्न विचारणारी आमची मैत्रीण त्या दिवशी यादी वाचणार आहे. तिला चष्मा लागतो, तो आठवणीने आणायला सांगितलं आहे.